कॅम्परमधील सौर वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅम्पर व्हॅनमध्ये मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, एलईडी दिवे, छोटा पंखा आणि राउटर चालवायला चार गोष्टी पुरतात : सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि फ्यूज घातलेली नीट जोडणी. बंगळुरूत एस. पी. रोडच्या दुकानांतून हे सगळे साहित्य सहज मिळते. साहित्य निवडताना मात्र घोटाळा होतो, कारण वॅट आणि वॅट-तास यांत गल्लत होते. वॅट हा वीज तयार होण्याचा किंवा खर्च होण्याचा वेग असतो, तर वॅट-तास म्हणजे एकूण वीज. घरच्या बिलातले एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. पुढचे काही गैरसमज या एका गल्लतीतून निघतात.

गैरसमज 1 : 100 वॅटचे पॅनेल दिवसभर 100 वॅट देते.

वस्तुस्थिती : पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान 25 अंश सेल्सिअस, अशा ठरावीक स्थितीत तो मोजलेला असतो. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे आणि कमजोर असते. त्यामुळे दिवसभराच्या उन्हाची बेरीज ‘पूर्ण उन्हाच्या तासां’त मांडतात. बंगळुरूत वर्षाची सरासरी साधारण 5 ते 5.5 तास येते. मार्च-एप्रिलमध्ये ती 6 च्या वर जाते, जुलै-ऑगस्टमध्ये साडेचारच्या आसपास उतरते. उष्णता, धूळ, वायर आणि कंट्रोलर यांतली घट वजा जाता 70 टक्के वीज बॅटरीपर्यंत पोचते असे धरावे. म्हणजे 100 वॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सुमारे 350 वॅट-तास मिळतात. दिवस बारा तासांचा म्हणून 1200 वॅट-तास धरणाऱ्याचा हिशेब तिपटीहून अधिक चुकतो.

गैरसमज 2 : ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त.

वस्तुस्थिती : पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉन सेलचे तापमान 25 अंशांच्या वर एका अंशाने वाढले की उत्पादन साधारण 0.3 ते 0.45 टक्के घटते. गाडीच्या तापलेल्या पत्र्याला चिकटवलेले पॅनेल दुपारी 60 अंशांच्या पुढे सहज जाते आणि तेथेच 12 ते 15 टक्के वीज बुडते. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या बंगळुरूत एप्रिलचे सरासरी कमाल तापमान 34 अंशांच्या आसपास असते, तर मे महिन्यात सोलापूर 40 पार करते. तेवढ्या फरकाने उत्पादन दोन-तीन टक्केच बदलते. पॅनेल बसवण्याची पद्धत त्याहून जास्त महत्त्वाची ठरते. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवली की वारा खेळतो आणि सेल तुलनेने थंड राहतात.

गैरसमज 3 : पॅनेल दक्षिणेकडे कललेले नसेल तर उपयोग नाही.

वस्तुस्थिती : हा नियम उत्तरेकडच्या देशांत अधिक लागू पडतो. बंगळुरूचे अक्षांश जेमतेम 13 अंश. 24 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो मध्यान्ही डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या महिन्यांत पॅनेल दक्षिणेकडे कलवले तर तोटाच होतो. छतावर आडवे ठेवलेले पॅनेल वर्षभरात मिळून थोडीच वीज गमावते. डिसेंबर-जानेवारीत मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 54 अंशांपर्यंतच चढतो, तेव्हा कल देण्याचा फायदा दिसतो. त्यासाठी घडीचे सुटे पॅनेल सोयीचे.

गैरसमज 4 : थोड्या सावलीने थोडेच नुकसान होते.

वस्तुस्थिती : 12 व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या, प्रत्यक्षात साधारण 18 व्होल्ट देणाऱ्या नेहमीच्या पॅनेलमध्ये 36 सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांत कमजोर सेल साऱ्या साखळीचा प्रवाह अडवतो. हे टाळायला बहुधा प्रत्येकी 18 सेलमागे एक बायपास डायोड असतो. एखादा सेल पानाने किंवा छतावरच्या सामानाच्या सावलीने पूर्ण झाकला गेला, तर डायोड ती अर्धी बाजू वगळतो. उरलेल्या अर्ध्यातून जेमतेम 9 व्होल्ट मिळतात आणि 12 व्होल्टची बॅटरी 9 व्होल्टवर चार्ज होत नाही. म्हणजे एका सेलवरच्या सावलीने अख्खे पॅनेल जवळपास बंद पडू शकते.

ढगांचे गणित वेगळे आहे. ढगाळ प्रकाश सगळ्या सेलवर सारखा पडतो, त्यामुळे उत्पादन घटते पण थांबत नाही. पातळ ढगांत बरीच वीज मिळते, तर पावसाळ्यातल्या दाट ढगांखाली ती 10 ते 25 टक्क्यांवर येते. सकलेशपूर किंवा आगुंबेच्या बाजूला जुलैत मुक्काम करायचा असेल तर सलग काही दिवस असेच जातील असे गृहीत धरावे. गाडी थंड राहावी म्हणून झाडाखाली लावणे आणि पॅनेलला ऊन देणे या दोन्ही गोष्टी छतावरच्या पॅनेलने साधत नाहीत. लांब वायरीचे सुटे पॅनेल उन्हात मांडले की दोन्ही साधतात.

गैरसमज 5 : गाडीची बॅटरी याही कामाला पुरते.

वस्तुस्थिती : इंजिन सुरू करणारी बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या आतल्या प्लेट पातळ असतात. ती रोज निम्मी रिकामी केली तर काही महिन्यांत निकामी होऊ शकते आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. कॅम्परला रोज खोलवर रिकामी होणे सोसणारी, डीप-सायकल प्रकारची वेगळी बॅटरी लागते.

इंजिनाकडून वीज घेऊच नये असा मात्र याचा अर्थ नाही. अल्टरनेटर आणि दुसरी बॅटरी यांच्यामध्ये 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर ताशी साधारण 260 वॅट-तास मिळतात. बंगळुरूहून हंपीला जाताना सहा तासांत 1500 वॅट-तास जमा होतात, म्हणजे 100 वॅटच्या पॅनेलची चार दिवसांची कमाई. दोन बॅटऱ्या साध्या वायरीने थेट जोडणे मात्र चुकीचे. उभ्या गाडीत एक बॅटरी दुसरीला रिकामी करते, आणि नव्या गाड्यांतले संगणक-नियंत्रित अल्टरनेटर दुसरी बॅटरी पूर्ण भरतीलच असे नाही.

गैरसमज 6 : 100 अँपिअर-तास म्हणजे 100 अँपिअर-तास वापरता येतात.

वस्तुस्थिती : हे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर 1200 वॅट-तास असतात, पण आयुष्य टिकवायचे तर त्यातले निम्मेच, म्हणजे 600, वापरावेत. विश्रांतीत असताना ती 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, 12.2 दाखवत असेल तर अर्धी रिकामी समजावी. लेबलवर ‘सी-20’ असे लिहिलेले असेल, तर ती क्षमता 20 तासांत सावकाश वीज घेतली तरच मिळते. भार जास्त असेल तर क्षमता घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 12.8 व्होल्टची असते. तिच्यातले 80 टक्के, म्हणजे हजारावर वॅट-तास, बिनधास्त वापरता येतात आणि ती साधारणपणे भरण्या-रिकामे होण्याच्या 2000 हून अधिक फेऱ्या टिकते. शून्य अंशाखाली मात्र ती चार्ज करू नये. दक्षिणेत हा प्रश्न येत नाही, लडाखला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

पॉवर बँकेच्या आकड्यातही अशीच मेख असते. 20,000 मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 74 वॅट-तास. मोबाइलला 5 व्होल्ट देताना रूपांतरात घट होते, म्हणून 5000 मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल चार वेळा भरत नाही, तीनदाच्या आसपास भरतो. बारीक अक्षरांत छापलेली ‘रेटेड कपॅसिटी’ हाच खरा आकडा.

गैरसमज 7 : घरासारखा 230 व्होल्टचा इन्व्हर्टर लागतोच.

वस्तुस्थिती : छोट्या उपकरणांना तो बहुधा लागत नाही. बॅटरीतली 12 व्होल्ट डीसी वीज इन्व्हर्टरने 230 व्होल्ट एसी करायची आणि लॅपटॉपच्या चार्जरने ती पुन्हा डीसी करायची, यात दोनदा घट होते. शिवाय काहीही जोडलेले नसताना इन्व्हर्टर स्वतः 10 वॅट खात असेल, तर चोवीस तासांत 240 वॅट-तास गेले. मोबाइल, कॅमेरा आणि बहुतेक नवे लॅपटॉप 12 व्होल्टवर चालणाऱ्या यूएसबी-सी चार्जरवर भरतात, दिवे आणि पंखेही 12 व्होल्टचे मिळतात.

याचा पडताळा बंगळुरूतच आहे. 1995 मध्ये येथे सुरू झालेल्या ‘सेल्को’ या सौर कंपनीने कर्नाटकातल्या खेड्यांत घरोघरी पोचवलेल्या दिव्यांच्या छोट्या सौर संचांत पॅनेल, बॅटरी आणि थेट डीसीवर चालणारे दिवे असतात. संस्थापकांपैकी हरीश हांडे यांना 2011 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थोड्या वॅटमध्ये किती भागते याचे याहून जुने उदाहरणही याच शहरातले. पीण्या भागातल्या शेडमध्ये बांधलेल्या ‘आर्यभट’ या पहिल्या भारतीय उपग्रहाच्या सौर पट्ट्या सुमारे 46 वॅट देत, आजच्या लॅपटॉपच्या चार्जरपेक्षाही कमी. 19 एप्रिल 1975 रोजी तो कक्षेत गेला, पण चार दिवसांनी वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने त्याचे वैज्ञानिक प्रयोग थांबले. पॅनेलइतकीच पुढची वीजव्यवस्थाही भक्कम लागते.

गैरसमज 8 : कंट्रोलर कोणताही चालतो.

वस्तुस्थिती : 100 वॅटच्या पॅनेलच्या लेबलवर साधारण 18 व्होल्ट आणि 5.5 अँपिअर असे आकडे असतात. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, म्हणजे 13 गुणिले 5.5, साधारण 72 वॅट. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करतो आणि त्याच उन्हात 90 वॅटच्या पुढे जाऊ शकतो. एकाच छोट्या पॅनेलसाठी पीडब्ल्यूएम चालून जातो, पण छतावर जागा कमी असेल तर एमपीपीटीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. निवडलेल्या बॅटरीच्या प्रकाराची सेटिंग कंट्रोलरमध्ये आहे ना, हे मात्र दोन्हींत तपासावे.

गैरसमज 9 : 12 व्होल्टला कसला आलाय धोका ?

वस्तुस्थिती : 12 व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, आग मात्र लागते. दोन टोके एकमेकांना चिकटली तर बॅटरी हजारावर अँपिअर सोडू शकते आणि वायर क्षणात लाल होते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज हवा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. कमी व्होल्टेजला वायरही जाड लागते. 10 अँपिअरचा भार पाच मीटरवर न्यायचा तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे लागते. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेथे 1.2 व्होल्ट, म्हणजे 10 टक्के, वाया जातात. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 0.3 व्होल्टच जातात. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिच्या खोक्याला बाहेर उघडणारी झडप हवी.

प्रत्यक्ष हिशेब

दोघांच्या एका दिवसाचा वापर असा मांडता येतो : दोन मोबाइल 40 वॅट-तास, लॅपटॉप एकदा 60, कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या 32, पाच वॅटचे दोन दिवे चार तास 40, बारा वॅटचा पंखा आठ तास 96, सहा वॅटचा राउटर आठ तास 48. बेरीज 316. चार्जिंगमधली घट धरून 380. याला 100 वॅटचे पॅनेल किंचित अपुरे पडते, 150 वॅटचे बंगळुरूत सरासरी 500 च्या वर देते. 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असेल तर ऊन अजिबात नसताना अडीच दिवस निघतात, तेवढ्याच लेड-ॲसिडवर दीड दिवस. याच संचावर 1500 वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालवली तर 750 वॅट-तास, म्हणजे दोन दिवसांची वीज, एका स्वयंपाकात संपते. स्वयंपाक गॅसवरच करावा.

म्हणून आधी उपकरणांची यादी करून रोजचे वॅट-तास काढावेत, त्यावरून बॅटरी ठरवावी, मग पॅनेल आणि कंट्रोलर घ्यावा. इन्व्हर्टर सर्वांत शेवटी, आणि खरोखर गरज असेल तरच.