‘तुरीचा भाव सोयाबीनपेक्षा जास्त’ : इंग्रजीत लिहिताना मार्क इथंच जातो!

स्टाफ सिलेक्शन, बँक भरतीची तयारी करणारी गावाकडची मुलं इंग्रजी व्याकरणाचे नियम पाठ करतात. तरी वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात तुलना आली की अनेक जण ‘नो एरर’ टिक करून मोकळे होतात. कारण चूक कानाला खटकतच नाही.

मराठीत चालतं, इंग्रजीत नाही

‘तुरीचा भाव सोयाबीनपेक्षा जास्त आहे’ हे मराठीत कुणालाही कळतं. ऐकणारा ‘सोयाबीनच्या भावापेक्षा’ असं मनात धरून घेतो. पण ‘द प्राइस ऑफ तूर इज हायर दॅन सोयाबीन’ असं लिहिलं, तर एका बाजूला भाव आणि दुसऱ्या बाजूला थेट सोयाबीन येतं. परीक्षेत हे चूक धरतात. भावाची तुलना भावाशीच हवी.

बरोबर वाक्य : ‘द प्राइस ऑफ तूर इज हायर दॅन दॅट ऑफ सोयाबीन.’ इथं ‘दॅट’ म्हणजे भाव. ‘प्राइसेस’, ‘रोड्स’ असं अनेकवचन असेल तर ‘दॅट’च्या जागी ‘दोज’ येतं.

‘माय फादर्स फार्म इज बिगर दॅन माय अंकल’ हेही तसंच. याचा अर्थ शेत काकापेक्षा मोठं! म्हणायचं असतं काकांच्या शेतापेक्षा. म्हणून शेवटी ‘माय अंकल्स’ हवं.

‘अदर’ विसरू नका

‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्यही चूक. १६४६ मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रातच आहे, मग ते स्वतःपेक्षा उंच कसं असेल? ‘एनी अदर पीक’ हवं. मात्र ‘हायर दॅन एनी पीक इन गोवा’ बरोबर, कारण कळसूबाई गोव्यात नाही.

ओळखायचं कसं?

‘दॅन’ दिसला की थांबा. डावीकडे कशाबद्दल बोललंय आणि उजवीकडे काय ठेवलंय, ते मराठीत स्वतःला विचारा. जोडी जमली नाही, तर चूक तिथंच आहे.

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क असतात. चुकलेल्या उत्तराला ०.५० मार्क कापतात. म्हणजे हातचे २ मार्क गेले, वर अर्धा कापला. एका ‘दॅट ऑफ’पायी अडीच मार्कांचा फरक!