वर्गणी आणि करार

वाशीम जिल्ह्यांतील रिसोड हें पिंगळाक्षी देवीचें गांव. तेथें माझे एक जुने गुरुजी राहतात. शाळेंतून निवृत्त होऊन त्यांना बरींच वर्षें झालीं. परंतु आळींतल्या गणपतीचें पावतीपुस्तक अजूनहि त्यांच्याच हातीं असतें, कारण त्यांच्या हातची पावती कोणी नाकारीत नाहीं. गुरुजींचा धाकटा मुलगा परदेशीं असतो. एका मोठ्या क्रीडासंस्थेसाठीं प्रायोजक मिळविणें आणि मिळालेले टिकविणें, ही त्याची नोकरी. गेल्या वर्षीं मी रिसोडला गेलों असतां गुरुजींनीं मला जवळ बसवून घेतलें आणि हलक्या आवाजांत विचारलें, "हा तिकडं नेमकं करतो काय, ते मला एकदा नीट समजावून सांग. लोक विचारतात, तेव्हा 'कंपनीत आहे' एवढंच मी म्हणतो. मला तर वाटतं, तो वर्गणीच मागत फिरतो. ती मागायला इतक्या लांब जायची काय गरज होती?"

या बोलण्यांत थोडी थट्टा होती, पण थट्टेखालीं दुखणें खरें होतें. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलानें शिकवावें, हिशेब लिहावा, औषध द्यावें, यंत्र चालवावें. परंतु त्यानें दुसऱ्यापुढें हात पसरावा, हें कोणाला रुचत नाहीं. सार्वजनिक कार्यासाठीं वर्गणी मागणें निराळें आणि पोटासाठीं मागणें निराळें, असा आपला संस्कार आहे. गुरुजींना मीं जें उत्तर दिलें, तेंच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडणार आहें.

एखाद्या कार्याला बाहेरून पैसा मिळण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली दानाची. दाता देतो आणि मोबदल्याची अपेक्षा धरीत नाहीं. दुसरी जाहिरातीची. व्यापारी वर्तमानपत्रांतील चौकोन किंवा रस्त्यावरील फलक ठराविक दरानें विकत घेतो आणि आपल्या मालाची स्तुति स्वतःच करतो. तिसरी वाट या दोहोंच्या मधून जाते. जत्रेंतील कुस्त्यांचा फड आठवा. शेवटच्या कुस्तीचें इनाम कोणी एक आडत्या देतो आणि हलगीच्या ठेक्यावर त्याचें नांव पुकारलें जातें. त्यानें पैलवानाला भीक घातलेली नसते, आणि आपल्या दुकानांतील मालाबद्दल तो एक अक्षरहि बोललेला नसतो. कुस्तीवर लोकांचें जें प्रेम आहे, त्याचा थोडा अंश आपल्या नांवाला चिकटावा, एवढीच त्याची इच्छा असते. आज ज्याला आपण 'प्रायोजन' म्हणतों, त्याचें मूळ एवढेंच आहे.

रेडिओच्या श्रोत्यांना ही गोष्ट नवी नाहीं. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाणीं चित्रपटांचीं, निवेदन अमीन सायानी यांचें, आणि नांव मात्र एका टूथपेस्टचें. तरी तें नांव घराघरांत गाण्यांइतकेंच प्रिय झालें. पुढें १९६७ सालीं विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झालें, तेंहि मुंबई, पुणें आणि नागपूर या केंद्रांवरून. तेव्हां विदर्भाच्या कानांना या व्यवहाराची ओळख जुनीच आहे. त्यावर पोट भरणाऱ्या माणसांची ओळख मात्र अजून व्हावयाची आहे.

या कामाला स्वतंत्र धंद्याचें रूप कसें आलें, हें समजण्यास दोन ऑलिंपिकांची तुलना उपयोगी पडेल. १९७६ सालीं माँट्रियल येथें ऑलिंपिक भरलें. त्याचें कर्ज त्या शहराला इतकें झालें कीं, तें फिटावयास २००६ साल उजाडलें. हें पाहून लॉस अँजेलिसच्या नागरिकांनीं ठरविलें कीं, १९८४ च्या ऑलिंपिकासाठीं शहराच्या तिजोरींतून पैसा जावयाचा नाहीं. पीटर युबेरॉथ नांवाच्या, प्रवासव्यवसायांत मुरलेल्या गृहस्थाकडे व्यवस्था आली. त्यांनीं जें केलें, तें प्रथमदर्शनीं उलटें वाटतें. प्रायोजकांची संख्या वाढविण्याऐवजीं त्यांनीं ती कमी केली, आणि एका प्रकारच्या मालाला एकच प्रायोजक, असा नियम घातला. छायाचित्राच्या फिल्मची जागा अमेरिकेची कोडॅक कंपनी घेईल, असें सर्वांस वाटत होतें. ती रेंगाळली, आणि जपानच्या फुजीनें ती जागा पटकावून अमेरिकेच्या बाजारांत पाय रोवला. खेळ संपल्यावर हिशेबांत वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक उरली.

यांतील मर्म असें कीं, वर्गणीच्या यादींत नांवें जितकीं अधिक तितकें बरें. प्रायोजनांत मात्र प्रतिस्पर्ध्याला ती जागा मिळणार नाहीं, याचीच किंमत मोजली जाते. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळीं कोका-कोला हें अधिकृत पेय होतें. तेव्हां पेप्सीनें 'आमच्यांत अधिकृत असें कांहीं नाहीं' अशा अर्थाची थट्टेखोर जाहिरात चालवून लोकांना हंसविलें. एकानें पैसे मोजावे आणि दुसऱ्यानें फुकट भाव खावा, हें टाळण्यासाठीं करारांतील एकेक कलम पारखणारा माणूस लागतो. गुरुजींच्या मुलाचें काम तें हेंच.

आतां त्याचा दिवस कसा जातो, तें पाहूं. आरंभीं तो आपल्या संस्थेपाशीं देण्यासारखें काय काय आहे, त्याची यादी करतो : खेळाडूंच्या सदऱ्यावरील जागा, मैदानाचें नांव, बक्षिससमारंभ, पाहुण्यांसाठीं राखलेल्या खुर्च्या, शाळांतील मुलांसाठीं चालविलेले वर्ग. मग कोणत्या कंपनीला यांतील कशाची गरज आहे, याचा तो अभ्यास करतो. शहरांत नवी शाखा उघडणाऱ्या बँकेची गरज निराळी आणि चांगले कामगार मिळावेत म्हणून धडपडणाऱ्या कारखान्याची निराळी. सर्वांना एकच छापील पत्र पाठविणारा मनुष्य या धंद्यांत टिकत नाहीं. पुढें किंमत ठरते आणि करार होतो. नवख्याला वाटतें, येथें काम संपलें. वस्तुतः तें येथें सुरू होतें. कबूल केलेली प्रत्येक गोष्ट झाली कीं नाहीं, नांव नीट छापलें कीं नाहीं, पाहुण्यांचें आगतस्वागत झालें कीं नाहीं, हें वर्षभर पाहावयाचें, आणि अखेरीस पुराव्यासह लेखी अहवाल द्यावयाचा. त्या अहवालावर पुढच्या वर्षाचा करार अवलंबून असतो.

परदेशस्थ मनुष्य या धंद्यांत शिरतो कसा? एक वाट शिक्षणाची आहे. अमेरिकेंतील ओहायो विद्यापीठानें १९६६ सालींच क्रीडाव्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि आज असे अभ्यासक्रम अनेक देशांत आहेत. दुसरी वाट स्वयंसेवेची आहे आणि मराठी माणसाला ती जवळची आहे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे. उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें आणि त्याचीं अधिवेशनें साधारणतः दोन वर्षांनीं भरतात. अशा मेळाव्याचा खर्च तिकिटांवर भागत नाहीं. मग कोणी एक तरुण बँकेला, विमा कंपनीला, घरें बांधणाऱ्याला पत्रें लिहितो, नकार पचवितो, आणि एखादा होकार मिळाला म्हणजे तो निभावतो. नोकरीच्या मुलाखतींत सांगण्यासारखा पहिला अनुभव त्याला येथें मिळतो.

या वाटेंतील एक गंमत सांगतों. प्रायोजक शोधावयास निघालेल्या या माणसाला आधीं स्वतःसाठींच प्रायोजक शोधावा लागतो. अमेरिकेंतील 'एच-वन-बी' परवान्यासाठीं मालकाला अर्ज करावा लागतो, आणि त्याची सामान्य मुदत सहा वर्षांची. इंग्लंडांतहि कुशल कामगाराच्या परवान्यासाठीं सरकारमान्य मालक लागतो, आणि त्याला तेथें 'स्पॉन्सर' असेंच म्हणतात. म्हणजे नोकरी गेली, तर पगाराबरोबर राहण्याचा आधारहि डळमळतो. प्रायोजकांच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्यांत ही टांगती तलवार मोठी आहे. गांवाकडे आलेल्या छायाचित्रांत ती दिसत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितली.

परंतु परकेपणाचा लाभहि आहे. दोन समाजांची भाषा ज्याला येते, तो दोहोंमधील पूल होऊं शकतो. मार्क मास्करेन्हस यांचें उदाहरण ठळक आहे. जन्म बंगळूरचा; अमेरिकेंत जाऊन त्यांनीं सी.बी.एस. या दूरचित्रवाणी कंपनींत काम केलें आणि पुढें 'वर्ल्डटेल' ही स्वतःची कंपनी काढली. क्रिकेट म्हणजे काय, हें ज्या देशांत फारसें कोणी जाणत नव्हतें, तेथें बसून त्यांनीं भारतीय माणसाच्या क्रिकेटवेडाची किंमत ओळखली. १९९६ च्या विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचे हक्क त्यांनीं घेतले. त्याआधीं १९९५ मध्यें सचिन तेंडुलकर यांच्याशीं पांच वर्षांचा करार करून मोठ्या रकमेची हमी दिली. कंपन्यांकडून पैसा येवो वा न येवो, खेळाडूला तो मिळणार, असा त्या हमीचा अर्थ होता. मागणारा मनुष्य हमी देत नसतो. जो स्वतः जोखीम उचलतो, तोच ती देऊं शकतो. २७ जानेवारी २००२ रोजीं नागपूरजवळ मोटार-अपघातांत मास्करेन्हस यांचा अंत झाला.

आतां या धंद्याची काळी बाजू. ज्याचा पैसा घ्यावयाचा त्याच्या नांवाला आपण आपली अब्रू उसनी देतों, हें विसरून चालत नाहीं. १९९६ च्या त्याच विश्वचषकाला एका सिगारेटचें, 'विल्स'चें, नांव होतें. २००३ च्या कायद्यानें भारतांत तंबाखूच्या मालाला असें प्रायोजकत्व बंद झालें. पैशांवर लावलेल्या ऑनलाइन खेळांवर २०२५ सालीं बंदी आली, तेव्हां 'ड्रीम इलेव्हन'ला भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरून आपलें नांव काढून घ्यावें लागलें. कायदा उशिरां येतो. त्याआधीं 'हा पैसा नको' असें म्हणण्याची वेळ त्या नोकरीवरच्या माणसावर येते. गणपतीच्या वर्गणीसाठीं कोणाच्या दारीं जावयाचें नाहीं, हें गुरुजींनाहि ठाऊक आहे. त्यांच्या मुलाला तो संस्कार तेथें निश्चित उपयोगी पडेल.

एवढें ऐकून गुरुजी म्हणाले, "समजलं. पण तरी मागणंच ना?" तेव्हां मीं त्यांना खाशाबा जाधवांची आठवण करून दिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकास निघाला, तेव्हां त्याच्यापाशीं प्रवासाचे पैसे नव्हते. गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. आपण त्या प्राचार्यांना वंदन करतों, तें योग्यच आहे. पण एका शिक्षकाचें घर गहाण पडल्यावांचून देशाला पदक मिळूं नये, ही व्यवस्था कांहीं वंदनीय म्हणतां येणार नाहीं. मल्लाची ताकद आणि व्यापाऱ्याची थैली यांच्यामध्यें उभा राहून दोघांचाहि हिशेब चोख ठेवणारा मनुष्य त्या वेळीं कोणी नव्हता. आपला मुलगा त्या रिकाम्या जागेवर काम करतो आहे.

गुरुजी स्वतः आयुष्यभर शिक्षक. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग कपाटांतून पावतीपुस्तक काढून त्यांनीं जुनीं स्थळप्रतें चाळलीं आणि विचारलें, "वर्षाच्या शेवटी तो लेखी हिशेब देतो म्हणालास ना?"

"देतो," मीं म्हणालों, "आणि तो चुकला, तर त्याची नोकरी जाते."

"मग ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "आता विचारतील त्यांना सांगतो."

श्रोतेहो, आपल्याहि नात्यांत, शेजारांत अशीं मुलेंमुली असतील, ज्यांच्या कामाचें नांव आपणांस धड उच्चारतां येत नाहीं. पुढल्या वेळीं त्यांचा दूरध्वनि आला म्हणजे 'जेवलास का' याबरोबर 'आज काय काम केलेंस' हेंहि विचारावें. उत्तर ऐकावयास थोडा वेळ लागेल. पण घरच्यांना आपलें काम कळलें आहे, ही जाणीव परक्या देशांत फार मोठा आधार देते.