गप्प करणारे रेणू

पार्किन्सनच्या बारा रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत घडवलेल्या चेतापेशी बसवल्याची बातमी एप्रिल २०२५मध्ये आली. तेव्हा एका वाचकाने विचारलं होतं : भ्रूणातून घेतलेल्या मूलपेशीला काहीही होता येतं म्हणता, मग मेंदूतलीच पेशी हो, हे तिला सांगितलं कुणी?

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. (ती चाचणी पहिल्या टप्प्याची, मुख्यतः सुरक्षितता तपासणारी होती, हेही लक्षात असू द्या.) उत्तर मात्र थोडं तिरकं आहे. सुरुवातीला तरी तिला कुणी काही सांगितलं नाही. जे तिला भलतंसलतं सांगत होते, त्यांची तोंडं बंद केली.

या पेशींची वंशावळ १९९८पर्यंत मागे जाते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी टेस्ट-ट्यूब उपचारांतून उरलेल्या भ्रूणांपासून मानवी मूलपेशी पहिल्यांदा वाढवल्या. उंदराच्या तशा पेशी १९८१पासून हाताशी होत्या आणि ‘लिफ’ नावाचं प्रथिन दिलं की त्या कोऱ्या राहतात, हे १९८८मध्ये कळलं होतं. मानवी पेशींनी लिफला भीकच घातली नाही. मग पुढचा चकवा बीएमपी-४ या प्रथिनाचा. लिफच्या जोडीने ते उंदराच्या मूलपेशींना दिलं, तर त्या आहेत तशाच राहतात. मानवी पेशींना दिलं, तर त्या वारेच्या पेशींच्या वाटेला लागतात. एकच रेणू, आणि अर्थ अगदी उलटे! उलगडा २००७मध्ये झाला. गर्भाशयात रुजल्यानंतरच्या, म्हणजे थोड्या मोठ्या भ्रूणातून उंदराच्या पेशी काढल्या, तर त्या बऱ्याच अंशी माणसाच्या पेशींसारख्या वागल्या. फरक निव्वळ उंदीर आणि माणूस असा नव्हता, पेशीच्या वयाचाही होता.

मात्रेचंही तेच. एसटीच्या कंडक्टरकडे दोरी एकच, घंटीही एकच. पण सिंगल बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला. अॅक्टिव्हिन हे प्रथिन बेताने, एफजीएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाच्या सोबतीने दिलं, तर मानवी मूलपेशी जागची हलत नाही. तेच मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमच्या घरात नेलं आणि बाकीचं पोषण आखडलं, की ती निघालीच – यकृत आणि स्वादुपिंड ज्यातून घडतात त्या आतल्या थराच्या दिशेने.

मेंदूच्या दिशेने न्यायचं तर? न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने २००९मध्ये दाखवलेली कृती थक्क करणारी आहे. दोनच अडसर घालायचे : बीएमपीला रोखणारं ‘नॉगिन’ हे प्रथिन, आणि अॅक्टिव्हिनचा निरोप आत पोचू न देणारा एक छोटा कृत्रिम रेणू. दीडेक आठवड्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. त्यातून पार्किन्सनसाठी नेमकी डोपामिन बनवणारी चेतापेशी हवी, तर मग मात्र काही गोष्टी सांगाव्या लागतात, त्याही ठरल्या दिवशी. त्यातल्या एका संकेताचं नाव ‘सॉनिक हेजहॉग’. होय, व्हिडिओ गेममधलाच!

म्हणून ‘स्टेम सेल टोचून घ्या, गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सगळं बरं’ छापाच्या जाहिराती वाचल्या की माझं डोकं तडकतं. भ्रूणातल्या मूलपेशी काही न शिकवता उंदराला टोचल्या, तर त्यांची गाठ होते. केस, हाड, आतडं असलं काहीही असलेली. त्या पेशी अस्सल असल्याची ती रूढ परीक्षाच आहे. दवाखान्यांत टोचतात त्या पेशी बहुधा चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या असतात, त्यांचं हे असं होत नाही. पण मग त्यांच्या नावावर खपवलेले चमत्कारही होत नाहीत. आयसीएमआरच्या २०१७च्या नियमावलीत रक्ताच्या वगैरे ठरावीक विकारांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण तेवढं मान्य उपचार आहे. बाकी सगळं चाचणीतच करायचं.

आता ते नॉगिन आलं कुठून? त्यासाठी १९२१च्या सुमाराला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये जायला हवं. हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड तिथे न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या भ्रूणांवर शस्त्रक्रिया करत होती. हत्यारं म्हणजे ओढून बारीक केलेल्या काचेच्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. एका फिकट जातीच्या भ्रूणातला, ‘ओठ’ म्हणतात त्या ठरावीक जागचा तुकडा कापायचा आणि गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवायचा. दोन रंग अशासाठी, की पुढे कुठली पेशी कुणाची हे ओळखता यावं. प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक भ्रूण सडून मरायचे. निबंधात सविस्तर आले ते जेमतेम अर्धा डझन. पण त्यांच्या पोटाशी दुसरा भ्रूण उगवला होता, पाठीचा कणा घडू लागलेला. आणि त्याची चेतानलिका (मेंदू आणि मज्जारज्जू घडवणारी नळी) मुख्यतः गडद पेशींची होती. पाहुण्या तुकड्याने यजमानाच्या पेशींना कामाला लावलं होतं.

निबंध १९२४चा. त्याच वर्षी सप्टेंबरात घरातल्या स्टोव्हचा भडका उडून हिल्डे गेली, वय पंचवीस. नोबेल १९३५मध्ये एकट्या श्पेमान यांना. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, मान्य. पण तिच्या पीएच.डी.च्या कामावर गुरूंनी आपलं नाव पुढे लावलं तेव्हा ती हयात होती.

तो तुकडा नेमकं काय सांगतो, यावर पुढे कित्येक दशकं लोकांनी डोकं फोडलं. मारून टाकलेला तुकडाही काम करतो, हे १९३२मध्ये दिसलं. मग तर काय वाट्टेल ते लावून पाहिलं गेलं. मिथिलिन ब्लू या रंगानेही परिणाम साधला आणि शोधाचा विचका झाला. नॉगिन सापडलं १९९२मध्ये बर्कलीत, बेडकाच्या भ्रूणात. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये योशिकी सासाई आणि सहकाऱ्यांना कॉर्डिन मिळालं. दोन्ही प्रथिनं बीएमपीला घट्ट धरून ठेवतात आणि त्याचा निरोप पेशीपर्यंत जाऊ देत नाहीत. बीएमपीने टोकलं नाही, तर बाह्यस्तराची पेशी त्वचा न होता मज्जासंस्थेकडे वळते.

माणसात हा तुकडा असतो का, हे मानवी भ्रूण कापून पाहता येत नाही. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अली ब्रिवानलू यांच्या गटाने दुसरी वाट काढली. मानवी मूलपेशींच्या गोल चकत्यांना त्यांनी डब्ल्यूएनटी हे संकेत-प्रथिन आणि अॅक्टिव्हिन दिलं आणि त्या कोंबडीच्या भ्रूणात बसवल्या. तिथे दुसरा अक्ष उगवू लागला, आणि त्यातल्या मज्जासंस्थेच्या पेशी कोंबडीच्या होत्या.