यारी घ्यावयाची तर काय लिहावें?

लग्न ठरलें म्हणजे आपल्याकडे दोन्ही पक्षांचीं वडील माणसें बसून याद्या करतात. मानपान, देणेंघेणें, वऱ्हाडाची संख्या, पंक्तींची व्यवस्था, हें सारें त्या कागदावर उतरतें. तोंडीं ठरलेलें पुढें कोणास स्मरत नाहीं, आणि स्मरलें तरी प्रत्येकास आपापल्या सोयीचें तेवढेंच स्मरतें, हा पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव या रूढीच्या मुळाशीं आहे. मोठमोठ्या कारखान्यांतही यंत्रें घेण्यापूर्वीं अशाच याद्या होतात. सरकारी मराठींत त्यांस ‘विनिर्देश’ म्हणतात. आम्ही साधा ‘तपशील’ हाच शब्द वापरूं.

हा विषय घरांत वाचावयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आज एखादा मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई यंत्रशास्त्राच्या धंद्यांत नाहीं असें कुटुंब विरळा. अशा खरेदीचा कागद लिहिण्याचें काम त्यांच्यापैकीं कोणाकडे केव्हां येईल याचा नेम नाहीं. आणि ओझीं उचलणाऱ्या यंत्रांच्या बाबतींत हा कागद नीट लिहिला न गेला तर नुकसान केवळ पैशांचें होत नाहीं. म्हणूनच त्याविषयीं चार गोष्टी येथें सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

यारी म्हणजे ज्यास आपण रोजच्या बोलण्यांत क्रेन म्हणतों तें यंत्र. कारखान्यांतील यारीची रचना समजण्यास अवघड नाहीं. गाळ्याच्या दोन्ही बाजूंस उंचावर रूळ टाकलेले असतात. त्यांवरून एक आडवी पोलादी तुळई पुढेंमागें धांवते. तुळईवर एक छोटी गाडी डावीउजवीकडे सरकते. आणि त्या गाडींतून तारेच्या दोरावर आकडा खालींवर होतो. विहिरीवरच्या रहाटाचेंच हें मोठें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, येथें बादलीच्या जागीं पांच-पन्नास टनांचें ओझें लोंबत असतें आणि खालीं माणसें वावरत असतात.

नवशिक्या खरेदीदाराच्या कागदावर बहुधा एकच आंकडा ठळकपणें असतो: इतक्या टनांची यारी हवी. तेवढ्यानें काम कां भागत नाहीं, हें दाखविणारी एक दुर्घटना चीनमध्यें घडली. १८ एप्रिल २००७ रोजीं लिआओनिंग प्रांतांत, तिएलिंग शहराच्या हद्दींतील एका पोलादाच्या कारखान्यांत सुमारें ३० टन वितळलेलें पोलाद भरलेलें भांडें यारीवरून खालीं आलें. तो रस शेजारच्या खोलींत शिरला. पाळी बदलण्याची वेळ असल्यामुळें तेथें कामगार जमलेले होते. त्यांतील ३२ जण जागच्या जागीं दगावले. चौकशींत बाहेर आलेलें प्रमुख कारण असें कीं, वितळलेल्या धातूसाठीं जी खास यारी वापरावयास हवी होती, ती त्या ठिकाणीं नव्हतीच; सर्वसाधारण कामाच्या यंत्रावर हें काम चालविलें होतें.

आपल्या देशांतील मानकांतही हा भेद स्पष्ट केलेला आहे. विजेवर चालणाऱ्या सामान्य याऱ्यांसाठीं भारतीय मानक ३१७७ आहे, आणि पोलादाच्या कारखान्यांतील याऱ्या त्यांतून मुद्दाम वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठीं ४१३७ क्रमांकाचें वेगळें मानक आहे. तेव्हां ‘यारी भारतीय मानकाप्रमाणें असावी’ एवढें मोघम वाक्य लिहिणाऱ्यानें कांहींच लिहिलें नाहीं असें समजावें. कोणत्या मानकाप्रमाणें, हें आधीं आलें पाहिजे. आणि तें ठरावयाचें तर आकड्याला काय लटकणार व तें पडलें तर कोणावर पडेल, याचा विचार त्याहूनही आधीं झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट कामाच्या ताणाची. रहाटाचा दोर बादलीच्या भारानें एकाएकीं तुटत नाहीं. तो रोजच्या ओढीनें झिजून तुटतो. दोन माणसांच्या घरांत जो दोर वर्षानुवर्षें टिकतो तोच लग्नघरीं लवकर विरतो. बादली मात्र तीच असते. यारीचेंही तसेंच आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत यारीच्या एकंदर आयुष्यांतील उचलींच्या दहा पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीची मर्यादा १६,००० उचलींची. पुढें प्रत्येक पायरीस ती जवळ जवळ दुप्पट होते आणि सातव्या पायरीस दहा लाखांवर पोंचते. ओझें नेहमींच जड असतें कीं क्वचित्, याच्या आणखी चार पायऱ्या आहेत. दोहोंचा मेळ घालून यारीचा वर्ग ठरतो. सर्वांत हलका वर्ग ए-१, सर्वांत कष्टाचा ए-८.

हा हिशेब घरीं पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. जलविद्युत्-गृहांतील यारी घ्या. जनित्राचा फिरता भाग हें तिचें सर्वांत जड ओझें. परंतु यंत्रें एकदां बसल्यावर तो उचलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. एरवीं किरकोळ वस्तूंच्या दिवसास दोन उचली धरल्या, तरी वर्षाच्या ३०० दिवसांप्रमाणें २५ वर्षांत १५,००० उचली होतात. आतां ओतशाळेंतील यारी पाहा. तासास दहा उचली, दोन पाळ्या मिळून सोळा तास, ३०० दिवस आणि २० वर्षें, म्हणजे ९,६०,००० उचली, आणि त्याही बहुतेक जड. पहिली यारी ए-१ वर्गांत बसते, दुसरी ए-७ मध्यें जाते. दोहोंवरही ‘१०० टन’ असाच आंकडा रंगविलेला असूं शकेल; परंतु एकीच्या जागीं दुसरी ठेवली तर थोड्याच वर्षांत तुळईच्या जोडांस बारीक भेगा पडूं लागतील. वर्ग न लिहितां टेंडर काढलें म्हणजे विक्रेता हलक्या वर्गाची किंमत भरतो, आणि त्यास दोष देतां येत नाहीं. त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें. उचलण्याच्या व सरकण्याच्या यंत्रणांचे वर्गही वेगळे असतात. तेही एम-१ ते एम-८ असे लिहावे लागतात.

तिसरी गोष्ट मोजमापांची. रुळांमधील अंतर व आकड्याची उंची बहुतेक लिहितात. परंतु आकडा भिंतीच्या किती जवळ जाऊं शकेल हें पुष्कळदां राहून जातें. यारी बसते, फुलांच्या माळा चढतात, नारळ फुटतो. आणि मग लक्षांत येतें कीं भिंतीलगतच्या यंत्रावर आकडा पोंचतच नाहीं. मग तिरपा दोर टाकून ओझें ओढण्याचा मोह होतो, आणि यारीच्या कामांत तिरप्या ओढीइतकी वाईट खोड दुसरी नाहीं. ही चूक टाळावयाची तर कागद लिहिणारानें यारी चालविणारास व तिची दुरुस्ती करणाऱ्या फिटरला आधीं विचारावें. स्वयंपाकघराचा ओटा बांधतांना गवंड्याचा सल्ला घेतात, आणि त्यापाशीं रोज उभी राहणारीस मात्र कोणी विचारीत नाहीं. मग ओट्याची उंची जन्मभर पाठीस जाणवते. तोच प्रकार येथें होतो.

चौथी गोष्ट भाषेची, आणि मराठी वाचकास ती विशेष पटेल. उत्तम, मजबूत, टिकाऊ, सुरक्षित हे शब्द जाहिरातींत शोभतात. तपशिलांत ते निरुपयोगी होत. ‘ब्रेक चांगले असावेत’ या वाक्याची परीक्षा कशी घ्यावयाची? त्याऐवजीं, ‘उचलण्याच्या यंत्रणेस दोन स्वतंत्र ब्रेक असावेत, त्यांपैकीं कोणताही एक पूर्ण ओझें धरून ठेवण्यास समर्थ असावा, वीज जातांच दोन्ही आपोआप लागावेत,’ असें लिहिलें म्हणजे प्रत्येक कलमाची खूण पटवितां येते. ‘तुळई भक्कम असावी’ हेंही तसेंच. पूर्ण ओझें मध्यावर असतां तुळईचा बाक रुळांमधील अंतराच्या ७५० व्या भागाहून अधिक नसावा, असें लिहिलें म्हणजे १५ मीटर अंतरास २० मिलिमीटर ही मर्यादा झाली. ती पट्टी लावून मोजतां येते. जें मोजतां येत नाहीं त्यावर पुढें भांडण होतें, आणि भांडणांत घेणाराच बहुधा हरतो, कारण यारी तोंवर त्याच्या छपराखालीं बसलेली असते.

पांचवी गोष्ट भोंवतालच्या परिस्थितीची. ओतशाळेंतील धूळ व धग, रासायनिक कारखान्यांतील वाफा, कोंकणपट्टींतील खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस, हें विक्रेत्यास दूर बसून कसें कळावें? रंगाचे थर, विजेच्या पेट्यांचें आवरण, मोटारींची निवड, हें सारें त्यावर अवलंबून असतें. उघड्यावरच्या यारीस तर वाऱ्याचा हिशेब सर्वांत मोठा. अमेरिकेंत मिल्वॉकी येथें क्रीडांगणाचें छप्पर चढवितांना १४ जुलै १९९९ रोजीं ‘बिग ब्लू’ नांवाची प्रचंड यारी कोसळली. आकड्याला छपराचा ४०० टनांहून अधिक वजनाचा भाग होता. दुसऱ्या एका यारीच्या पिंजऱ्यांत उभे असलेले तिघे कामगार त्यांत प्राणांस मुकले. त्या दिवशीं वारा जोराचा होता, आणि लोंबत्या छपराच्या विस्तीर्ण अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा भार योग्य रीतीनें हिशेबांत घेतला गेला नव्हता, असें पुढें निष्पन्न झालें. ओझें जड किती हें जसें लिहावें, तसें तें रुंद किती व कोणत्या वाऱ्यांत काम थांबवावयाचें, हेंही लिहावें.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं, सगळेंच दुपटीनें मागितलें म्हणजे चिंता मिटली. तसेंही नाहीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल बंदरावर १८७८ सालीं पुरी झालेली एक वाफेची यारी अद्याप जतन करून ठेविली आहे. तिची ताकद ३५ टनांची. पण तेवढें ओझें उचलण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच आला. वाजवीपेक्षां मोठी यारी घेतली म्हणजे तिच्या वजनासाठीं रूळ, खांब व पाया हेही मोठे करावे लागतात, आणि अवजड यंत्र बारीक कामांत हळुवारपणें वागत नाहीं. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही हेंच तत्त्व आहे: गरज नेमकी मांडावी आणि अनावश्यक गोष्टी घालून खर्च वाढवूं नये. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या पत्रकांतील वाक्यें जशींच्या तशीं उतरून काढण्याची युक्तीही त्याज्य. तीमुळें इतर विक्रेते दारांतूनच परततात आणि आपली गरज काय होती हें आपणांसही कळत नाहीं.

शेवटीं परीक्षेचें कलम. पूर्ण क्षमतेच्या १२५ टक्के ओझें स्थिर धरून पाहावयाचें व ११० टक्के ओझें घेऊन सर्व हालचाली करून पाहावयाच्या, अशी रूढ पद्धति आहे. परंतु चाचणीचीं वजनें कोणीं आणावयाचीं, तीं कोणाच्या खर्चानें, आणि चाचणी कोणासमक्ष व्हावयाची, हें न लिहिल्यामुळें कामें महिनोन्महिने अडतात. दोर बदलतांना माणसानें उभें कोठें राहावयाचें, कठड्याचा मार्ग आहे कीं नाहीं, सुटे भाग किती वर्षें मिळतील, नकाशे व दुरुस्तीचीं पुस्तकें कोणत्या भाषेंत मिळतील, हींही कलमें येथेंच यावींत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमानें यारीवर सुरक्षित ओझ्याचा आंकडा ठळक लिहिण्याचा व बारा महिन्यांतून निदान एकदां जाणत्या माणसाकडून तिची कसून तपासणी करविण्याचा दंडक घालून दिला. ज्या यारीवर तपासणीसाठीं चढण्यासच जागा नाहीं, तिची तपासणी कागदावरच होणार हें उघड आहे.

किंमतीचा लखोटा यानंतर उघडावा. तपशील पुरा असला तर सर्वांत कमी किंमतीचा विक्रेता निवडण्यांत कांहीं भय नाहीं, कारण सारे जण एकच वस्तु देऊं करीत असतात. तपशील अपुरा असला तर कमी किंमत म्हणजे बहुधा कांहीं तरी गाळलें आहे एवढाच अर्थ.

यारीचा कागद कचेरींत पंख्याखालीं लिहिला जातो. लिहिणारास आकड्याखालीं क्वचितच उभें राहावें लागतें. जे रोज तेथें वावरतात त्यांनीं तो कागद पाहिलेलाही नसतो, पण त्यांतील प्रत्येक शब्दावर त्यांच्या जिवाची भिस्त असते. आमच्या वाचकांच्या घरांतील एखाद्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे असें काम आलें, तर कोरा कागद पुढें ओढण्यापूर्वीं त्यांनीं एक संबंध दिवस त्या गाळ्यांत घालवावा. काय उचललें जातें, किती वेळां उचललें जातें, आणि त्या वेळीं खालीं कोण असतें, हें पाहून टिपून घ्यावें. त्या टिपणांतून निम्मा तपशील आपोआप तयार होईल; आणि उरलेला निम्मा लिहितांना खालीं वावरणारीं माणसें डोळ्यांपुढें राहतील.