पाकिटावरचे ६० दिवस

परवा शेजारच्या काकू वैतागून म्हणाल्या, "पाकिटावर ६० दिवस लिहिलंय, माझ्या टोमॅटोला अडीच महिने होत आले. फसवलं मेल्यांनी!"

फसवलं नाही. टोमॅटोचे दिवस सहसा रोप लावल्यापासून मोजतात, बी पेरल्यापासून नाही. रोप तयार व्हायला लागणारे २५-३० दिवस त्यात वेगळे मिळवायचे.

कोणता टोमॅटो आधी पिकतो ते बघायला मी यंदा गच्चीत तीन प्रकार शेजारी शेजारी लावले. एकाच दिवशी, सारख्या कुंड्यांत, सारखी माती. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

'पुसा रूबी' ही दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी, लवकर येणारी जात. फळ चपटं, आंबटसर, सार करायला झकास. पण वेल उंच जातो, काठी हवीच. 'पुसा अर्ली ड्वार्फ' बुटकी. बाल्कनीला सोयीची, मात्र फळं साधारण एकदमच येतात आणि मग झाड दमतं. सर्वांत आधी पिकला तो चेरी टोमॅटो. लहान फळाला पिकायला वेळ कमी लागतो. (आमच्याकडे तो स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही.)

लवकरची जात असूनही फुलं गळत असतील तर बियाण्याला दोष देण्याआधी रात्रीचा उकाडा बघा. रात्री फार गरम असल्या की फळधारणा होत नाही. म्हणून मी रोपं ऑक्टोबरात लावते.

आणि फळावर लाली चढायला लागली की तोडा, घरात पिकतं. झाडावर ठेवलंत तर बुलबुल जेवतात.

तुमच्याकडे कोणती जात आधी पिकते? काही अडलं तर खुशाल विचारा.