शब्द ओळखीचे, अर्थ परके

परदेशी विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भरताना आपले विद्यार्थी पुष्कळदा ओळखीच्या शब्दांपाशीच फसतात. ‘ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ हे त्याचे ठळक उदाहरण. ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर, तेव्हा हा बी.ए., बी.एस्सी.चा अभ्यासक्रम असावा, असे वाटते. अमेरिकेत मात्र तो पदवीनंतरचा, म्हणजे एम.एस. किंवा पीएच.डी.चा अभ्यासक्रम असतो. बारावीनंतरच्या पदवीशिक्षणाला तेथे ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये पदवीनंतरच्या शिक्षणास आपल्याप्रमाणेच ‘पोस्टग्रॅज्युएट’ म्हणतात. हा फरक न कळल्यास अर्जाचे शुल्क आणि वर्ष, दोन्ही वाया जाऊ शकतात.

‘थीसिस’ व ‘डिझर्टेशन’ यांचेही तसेच. ब्रिटनमध्ये सामान्यतः पीएच.डी.चा प्रबंध तो थीसिस आणि एम.ए.चा तो डिझर्टेशन. अमेरिकेत बहुधा याच्या उलट. ‘फॅकल्टी’ म्हणजे अमेरिकेत अध्यापकवर्ग, तर ब्रिटनमध्ये प्रामुख्याने विद्याशाखा.

काही चुकांचे मूळ आपल्याच बोलण्यात आहे. मराठीत परीक्षा ‘देतात’, म्हणून आपण इंग्रजीतही ‘गिव्ह’ वापरतो. तेथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ‘गिव्ह’ करणारा असतो शिक्षक! तसेच ‘आय पास्ड आउट’ असे लिहिल्यास आपल्याला भोवळ आली होती, असा अर्थ परदेशी वाचक घेईल. तेथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ असे लिहावे.

अर्जातील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून पडताळून घ्यावा आणि मगच अर्ज पाठवावा.