सीईटी पुन्हा देताय? क्लास बदलण्याआधी गेल्या वेळचे मार्क कुठे गेले ते शोधा

मुंबई : इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की गावाकडच्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला कमी पर्सेंटाइल आले, आता काय? मग घाटकोपरच्या काकांना फोन जातो. अंधेरीला कुठला क्लास चांगला, बोरिवलीला कॉट बेसिसवर जागा मिळेल का, मुलुंडच्या आत्याकडे वर्षभर राहता येईल का, याची चौकशी होते. खेड, संगमेश्वर, पाटण, जुन्नर अशा तालुक्यांतल्या अनेक घरांचं कुणी ना कुणी मुंबई उपनगरात असतंच.

पण परीक्षा पुन्हा देताना मार्क वाढतात ते गाव बदलल्याने किंवा क्लास बदलल्याने नाही. पहिल्या वेळी मार्क नेमके कुठे गेले, हे ज्याला कळलं त्याचे वाढतात. हा हिशोब कसा करायचा, वर्ष थांबावं की नाही आणि मुंबईला पाठवायचंच असेल तर काय बघावं, याची ही माहिती.

आता वर्षातून दोन संधी

आधी नियम समजून घ्या. २०२६-२७ च्या प्रवेशांपासून पीसीएम आणि पीसीबी गटांची एमएचटी-सीईटी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि मे महिन्यात घ्यायचं ठरलं. पहिली परीक्षा देणं आवश्यक, दुसरी ऐच्छिक. दोन्ही दिल्या तर ज्यात पर्सेंटाइल जास्त तो धरला जातो. म्हणजे दुसऱ्यांदा पेपर अवघड गेला तरी पहिला स्कोअर हातातून जात नाही. एप्रिलचा पेपर बिघडला म्हणून लगेच वर्षभर थांबायचा निर्णय घेण्याची गरज उरलेली नाही.

जेईई मेनही जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते आणि त्यातला चांगला स्कोअर धरतात. बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं जेईई मेन देता येते. आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. सीईटीला वयाची अट नाही. बारावी आधीच पास झालेला विद्यार्थी ती पुन्हा देऊ शकतो, बारावी परत करावी लागत नाही. पण गेल्या वर्षीचा सीईटी स्कोअर यंदाच्या प्रवेशाला चालत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

इथे अनेक पालकांचा गोंधळ होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. आपल्या शिफ्टमधल्या १०० पैकी ९० जणांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, म्हणून ही पद्धत.

पीसीएम गटाला २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक मुलं बसली होती. म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजारांवर विद्यार्थी. ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे चाळीस हजारांहून जास्त मुलं असतात, ९५ वाल्याच्या पुढे वीस हजारांहून जास्त. म्हणून ‘पाचच पर्सेंटाइल वाढवायचेत’ हे वाटतं तितकं सोपं नाही. अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटसारख्या कॉलेजात खुल्या प्रवर्गाचा कॉम्प्युटरचा कटऑफ ९९ च्या वर असतो. सिव्हिल, मेकॅनिकल या शाखांना मात्र अनेक कॉलेजांत बऱ्याच खालच्या स्कोअरवर प्रवेश मिळतो. मुलाला नेमकं कुठे जायचंय, हे आधी ठरलं तर किती मार्क वाढवायचे ते कळतं.

मार्क कुठे गेले? असा करा हिशोब

पीसीएमचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे.

परीक्षेनंतर सीईटी कक्ष उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्न, त्याने दिलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर पाहायला देतो. ही सोय ठरावीक दिवसच असते. ती लगेच डाउनलोड करून ठेवा. तोवर थांबायचंही कारण नाही. पेपर देऊन आल्यावर त्याच संध्याकाळी काय अडलं, कुठे वेळ गेला, ते वहीत लिहून काढावं.

मग चुकलेल्या आणि सुटलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करावी. ‘येतच नव्हतं’, ‘येत होतं पण चुकलं’, किंवा ‘वेळच उरला नाही’.

उदाहरण घेऊ. समजा एका मुलीचे फिजिक्समध्ये २४, केमिस्ट्रीत २८ आणि गणितात १८ प्रश्न बरोबर आले. गणिताचे ३६ गुण धरून एकूण झाले ८८. गेलेले गुण ११२. त्यातले ६४ एकट्या गणितात गेले. आता गणिताचे ३२ प्रश्न तपासले तर १३ येतच नव्हते, ९ आकडेमोडीत चुकले आणि १० पर्यंत ती पोचलीच नाही.

म्हणजे चुका आणि वेळ मिळून १९ प्रश्न, ३८ गुण. त्यासाठी एकही नवा धडा शिकायला नको. यातले निम्मे जरी परत मिळवले तरी ती शंभरीच्या पुढे जाते. हीच मुलगी हिशोब न करता पुन्हा पहिल्या धड्यापासून सगळं वाचत बसली, तर जे येतं तेच परत वाचेल आणि पेपर पुन्हा अर्धवट राहील. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

चार ठिकाणी मार्क हमखास वाढतात

पहिलं, कोरा प्रश्न. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तरीही मुलं प्रश्न सोडून येतात. चार पर्यायांपैकी अंदाजाने खूण केली तर दहा प्रश्नांत सरासरी दोन-तीन बरोबर येतात. गणितात तेच चार ते सहा गुण. जेईई मेनला मात्र हे करू नका. तिथे बरोबरला चार गुण आणि चुकलं तर एक गुण वजा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तरच तिथे खूण करावी.

दुसरं, अकरावी. सीईटीत अकरावीच्या निवडक धड्यांना साधारण २० टक्के वजन आहे, म्हणजे २०० पैकी सुमारे ४० गुण. बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत अकरावी मागे पडते. सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, संभाव्यता, क्रमपर्याय, लिमिट्स हे गणितातले धडे, तर फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ऑप्टिक्स. दुसऱ्या प्रयत्नात कमी कष्टात जास्त मिळणारी ही जागा आहे. पुस्तकं हरवली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर फुकट उतरवता येतात. सीईटीचा मूळ आधार राज्य मंडळाची पुस्तकंच आहेत, जाडजूड गाईडं नव्हेत.

तिसरं, घड्याळ. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ती वेळ संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. एका भागाचा वाचलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. म्हणून सराव करतानाही घड्याळ लावून दोन वेगळे भाग करूनच करावा. पहिल्या फेरीत सोपे प्रश्न, दुसऱ्या फेरीत अडलेले, शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांवर अंदाजाची खूण.

चौथं, कॉम्प्युटर. गावातली मुलं सराव मोबाईलवर करतात आणि परीक्षा देतात कॉम्प्युटरवर. माऊसची सवय नसेल, स्क्रीनवरचं गणित कच्च्या कागदावर उतरवायची सवय नसेल, तर प्रत्येक प्रश्नाला काही सेकंद जातात. आठवड्यातून एकदा तालुक्याच्या एमएस-सीआयटी सेंटरमध्ये किंवा सायबर कॅफेत बसून पूर्ण तीन तासांचा पेपर सोडवावा. जेईईसाठी एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा आणि शिक्षण मंत्रालय-आयआयटी कानपूरचं ‘साथी’ हे पोर्टल मोफत आहे.

प्रत्येक सराव पेपरनंतर तोच तीन खुणांचा हिशोब पुन्हा करायचा. पेपर सोडवायला तीन तास लागले तर तपासायला निदान दोन तास द्यावेत. चुकांची एक वेगळी वही ठेवावी आणि पुढच्या पेपरच्या आदल्या दिवशी फक्त तीच वाचावी.

मुंबईला पाठवायचं तर एकच लाईन बघा

नातेवाईकांकडे राहून क्लास लावायचा असेल तर नकाशा बघूनच ठरवा. घाटकोपर आणि मुलुंड सेंट्रल लाईनवर, अंधेरी आणि बोरिवली वेस्टर्न लाईनवर. राहायला मुलुंडला आणि क्लास अंधेरीला असला तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, वर दोन्हीकडचं चालणं. यात दिवसाचे दोन-अडीच तास जातात. आठवड्याला सहा दिवस आणि चाळीस आठवडे धरले, तर पाचशे तासांच्या आसपास वेळ नुसता प्रवासात. तेवढ्या वेळात शंभर सराव पेपर सोडवून तपासून होतात. म्हणून राहायचं ठिकाण आणि क्लास एकाच लाईनवर, शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर असावा.

काकांची खोली एकच असेल, घरात टीव्ही आणि लहान मुलं असतील, तर जवळच्या अभ्यासिकेची चौकशी आधी करा. महापालिकेच्या आणि सामाजिक संस्थांच्या अभ्यासिका उपनगरात आहेत. क्लासला फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : इथे मुलाच्या प्रत्येक पेपरच्या चुका कोण तपासून सांगणार? उत्तर गोलमोल आलं तर तो क्लास आणि मोबाईलवरचा व्हिडिओ यात फारसा फरक नाही.

वर्ष थांबावं का?

हिशोबात ‘येत होतं पण चुकलं’ आणि ‘वेळ उरला नाही’ या खुणा जास्त असतील, तर पुन्हा बसण्यात अर्थ आहे. सगळीकडे ‘येतच नव्हतं’ असेल, तर वर्षभर नेमाने अभ्यास करायची मुलाची स्वतःची तयारी आहे का, हे त्यालाच विचारा. आई-बाबांच्या हट्टापायी घेतलेली गॅप दिवाळीपर्यंतच टिकते.

दुसरा रस्ताही आहे. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तो दोन वर्षांत संपला की डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी न देता, इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे तीन वर्षं. एकूण पाच. एक वर्ष थांबून चार वर्षांची डिग्री केली तरी पाचच. फरक एवढाच, की या रस्त्यावर दोन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो.

थांबायचं ठरलं तर कागद विसरू नका. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या वर्षाचा लागतो, नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपते. जात वैधता प्रमाणपत्र मिळालं नसेल तर या वर्षात तेच आधी करून घ्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ‘मुलीसाठी कुठे पुन्हा खर्च’ म्हणून तिची दुसरी संधी नाकारण्याआधी हे लक्षात घ्या.

आणि घरच्यांनी एक करावं. गावात कुणी विचारलं तर ‘वर्ष वाया गेलं’ असं पोरासमोर म्हणू नये. आठवड्याला एकदा त्याची चुकांची वही उघडून बघावी. गणित कळलं नाही तरी चालेल, ‘वेळ उरला नाही’च्या खुणा गेल्या आठवड्यापेक्षा कमी झाल्या का, एवढं कुणालाही मोजता येतं.